भाविक मतदारांचा लिंकन : एका वादाच्या साधनांची परीक्षा

१

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १८६१ पासून १८६५ पर्यंत जें यादवी युद्ध झालें, त्याचा परिचय आपल्याकडील वाचकांस बहुधा मुंबईच्या कापसाच्या तेजीमुळें आणि १८६५ सालीं तेथें बुडालेल्या शेअरांच्या सट्ट्यामुळें असतो. परंतु त्याच युद्धाच्या ऐन धामधुमींत त्या राष्ट्रानें अध्यक्षाची निवडणूक ठरल्या मुदतीस पार पाडली, आणि तींत धर्मनिष्ठ मतदारांपुढें एक बिकट प्रश्न उभा राहिला, ही गोष्ट तितकीशी कोणाच्या लक्षांत येत नाहीं. जो पुरुष कोणत्याही चर्चचा सभासद नाहीं, ज्याच्या आज्ञेनें तरुणांच्या पलटणींमागून पलटणी रणांत पडत आहेत, आणि जो स्वतःच्या सहीनें उपवासाचे व प्रार्थनेचे दिवस जाहीर करीत आहे, त्याच्या शब्दावर भाविकानें भरंवसा ठेवावा कीं न ठेवावा, असा तो प्रश्न होता.

या प्रश्नावर अमेरिकेंत जें वाङ्मय निर्माण झालें तें अफाट आहे. त्यांतील बऱ्याच भागाची स्थिती मात्र आपल्या बखरींसारखी आहे. घटना घडली एका कालीं, लिहिली गेली दुसऱ्या कालीं, आणि लिहिणाऱ्याचा हेतु तिसराच होता. राजवाड्यांनीं बखरींच्या उलट अस्सल पत्रांचा पक्ष घेतला त्यास आतां शतकाहून अधिक काळ लोटला. तेव्हांपासून या विषयाचे अभ्यासक जी कसोटी आपल्या दप्तरांस लावीत आले, तीच कसोटी या परदेशीय साधनांस लावून पाहावी, एवढाच या लेखाचा उद्देश आहे. अमेरिकेंतही असा प्रयत्न झालेला आहे. फेरेनबाखर दांपत्यानें १८९६ नव्हे, तर अगदीं अलीकडे, १९९६ सालीं, लिंकनच्या तोंडीं घातलेल्या वचनांचा एक कोश प्रसिद्ध केला व त्यांतील वचनांस विश्वासार्हतेप्रमाणें पांच प्रती लावल्या. ऐकणाऱ्यानें तत्काळ टिपून ठेवलेलें वचन वरच्या प्रतीचें, आणि बहुधा कल्पित असलेलें सर्वांत खालच्या प्रतीचें, असा तो क्रम आहे. न्यायशास्त्रांत आप्ताचें लक्षण सांगतांना वक्त्याची यथार्थता पाहावयास सांगितली आहे. त्या दांपत्यानें तेंच निराळ्या परिभाषेनें केलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आमचें म्हणणें आरंभींच थोडक्यांत सांगतों. समकालीन कागद एका प्रश्नाचें उत्तर देतात आणि मरणोत्तर आख्यायिका निराळ्याच प्रश्नाचें उत्तर देतात. युद्धकालीं भाविकांचा प्रश्न होता, हा मनुष्य आपला शब्द पाळील काय? आख्यायिकाकारांचा प्रश्न होता, हा मनुष्य आपल्या पंथाचा होता काय? दुसऱ्या प्रश्नानें पहिल्यास झांकून टाकलें, आणि त्यायोगें त्या मतदारांवर व त्यांनीं निवडलेल्या पुरुषावर असा दोघांवरही अन्याय झाला.

२

या वादाचें मूळ युद्धाच्या पंधरा वर्षें आधींचें आहे. १८४६ सालीं इलिनॉय संस्थानांतून काँग्रेसच्या जागेसाठीं लिंकन उभा राहिला, तेव्हां त्याचा प्रतिपक्षी पीटर कार्टराइट हा घोड्यावरून गांवोगांव फिरणारा प्रसिद्ध मेथॉडिस्ट उपदेशक होता. लिंकन हा ख्रिस्ती धर्माची निंदा करणारा नास्तिक आहे, अशी कुजबूज मतदारसंघांत सुरू झाली. तिला उत्तर म्हणून लिंकननें ३१ जुलै १८४६ या तारखेचें एक जाहीर पत्रक काढलें. भाविक मतदारांशीं त्याचा जो व्यवहार झाला, त्याचा हा पहिला निःसंशय कागद होय.

या पत्रकांतील मजकूर तोलून पाहण्यासारखा आहे. आपण कोणत्याही ख्रिस्ती चर्चचे सभासद नाहीं, हें तो प्रथमच कबूल करतो. धर्मग्रंथांची सत्यता आपण कधीं नाकारली नाहीं, आणि धर्माविषयीं किंवा एखाद्या पंथाविषयीं जाणूनबुजून अनादरानें बोललों नाहीं, असें तो पुढें सांगतो. पूर्ववयांत मनुष्याच्या मनाचा व्यापार एका अनिवार्य शक्तीच्या अधीन आहे, या मताकडे आपला कल होता व क्वचित् त्यावर वादही केला, हेंही तो लपवीत नाहीं. धर्माचा उघड वैरी व टवाळखोर असा जो मनुष्य, त्यास आपण स्वतःही मत दिलें नसतें, असें त्याचें शेवटचें म्हणणें आहे. आणि त्याचें कारण देतांना तो एक सीमा आंखतो. परलोकाचा हिशेब हा त्या मनुष्याचा आणि त्याच्या कर्त्याचा आपसांतला विषय. परंतु समाजाच्या भावना दुखविण्याचा व त्याची नीति बिघडविण्याचा अधिकार कोणासही नाहीं.

ही सीमारेषा आमच्या मतें संपूर्ण विषयाची किल्ली आहे. मतदारानें उमेदवाराच्या वर्तनाची चौकशी करावी, हा हक्क लिंकन मान्य करतो. त्याच्या अंतःकरणाची झडती घ्यावी, हा हक्क मान्य करीत नाहीं. शिवाय या कागदाच्या प्रामाण्यास बळ देणारी एक बाब त्याच्या प्रसिद्धीच्या क्रमांतच आहे. निवडणूक ३ ऑगस्टला झाली, तींत लिंकनला ६३४० व कार्टराइटला ४८२९ मतें पडलीं. त्यानंतर ११ ऑगस्ट रोजीं लेकन येथील वृत्तपत्राच्या संपादकास पत्र लिहून लिंकननें हें पत्रक छापण्यास दिलें, व तें १५ ऑगस्टच्या अंकांत आलें. जागा जिंकल्यावर त्यास मतांची गरज उरली नव्हती. आपण कोणत्याही चर्चचे सभासद नाहीं, हें वाक्य त्या वेळीं कोणीही सहज गाळलें असतें; त्यानें तें तसेंच छापूं दिलें.

३

आतां याच्या उलट जातीचें साधन पाहूं. लिंकनच्या वधानंतर दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १८६६ सालीं, जोसाया हॉलंड या मॅसेच्युसेट्सच्या संपादक-ग्रंथकारानें त्याचें एक मोठें चरित्र प्रसिद्ध केलें. त्यांत न्यूटन बेटमन या गृहस्थाच्या आधारानें एक प्रसंग दिला आहे. बेटमन हा इलिनॉयच्या शिक्षणखात्याचा मुख्य अधिकारी असून १८६० च्या निवडणुकीच्या दिवसांत त्याची कचेरी लिंकनच्या खोलीस लागून होती. त्या वर्षींच्या ऑक्टोबरच्या अखेरीस लिंकननें त्याला आंत बोलाविलें, स्प्रिंगफील्ड शहरच्या मतदारांची यादी पुढें ठेवली, आणि कोण पाद्री कोणास मत देणार हें पाहण्यास सांगितलें. निरनिराळ्या पंथांचे तेवीस पाद्री निघाले, व त्यांपैकीं तीन खेरीजकरून सर्व लिंकनच्या विरुद्ध होते. तेव्हां लिंकननें खिशांतून नवा करार काढला, डोळ्यांत पाणी आणून गुलामगिरीच्या पातकाविषयीं उद्गार काढले, आणि आपण ख्रिस्ती नसलों तरी ख्रिस्त हाच ईश्वर असें जाणतों, अशा अर्थाचें कांहीं तरी बोलला, अशी ती कथा.

ही कथा शेंकडों ग्रंथांत व प्रवचनांत उतरली. लिंकनचा वकिलीच्या धंद्यांतील भागीदार विल्यम हर्नडन यानें मात्र ती प्रथमपासून अमान्य केली. त्यानें बेटमनला गांठून खोदून विचारलें. पण बेटमननें जें सांगितलें तें खाजगी ठेवण्याच्या अटीवर सांगितल्यामुळें हर्नडनला तें पूर्णपणें प्रसिद्ध करतां आलें नाहीं. हर्नडनचें चरित्र १८८९ सालीं निघालें, आणि त्यानें जमविलेल्या जबान्यांचा संग्रह तर शंभरांहून अधिक वर्षांनीं, १९९८ सालीं, एकत्र छापला गेला. ज्यांस मूळ कागद पाहण्याची हौस आहे त्यांनीं तो संग्रह अवश्य चाळावा. साक्षीदारास एकदां उत्तर दिल्यावर पुनः विचारलें असतां त्याचें उत्तर कसें बदलतें, याचे त्यांत पुष्कळ दाखले आहेत.

या कथेस आमचे तीन आक्षेप आहेत. पहिला कालाचा. प्रसंग १८६० चा व निवेदन सुमारें पांच वर्षांनंतरचें, तेंही वधानें शोकाकुल झालेल्या राष्ट्रांतील. दुसरा एकमुखीपणाचा. तेवीसांपैकीं वीस हा आंकडा आणि ईश्वरविषयक उद्गार हीं दोन्हीं एकाच मुखांतून, एका चरित्रकाराच्या लेखणीद्वारां आलीं आहेत. स्प्रिंगफील्डच्या अनेक पाद्र्यांचा कल विरुद्ध असणें असंभाव्य नाहीं, कारण लिंकनला स्वतःच्या गांवांत निसटतेंच मताधिक्य मिळालें व त्याच्या काउंटींत तर तो मागें पडला. पण संभाव्यता म्हणजे पुरावा नव्हे.

तिसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा आहे. ही कथा लिंकनच्या गौरवासाठीं सांगितली जाते. परंतु ती खरी मानली तर गौरव होतो कीं उपहास? ज्या पुरुषाचा ख्रिस्तावर असा विश्वास आहे, पण जो तो शेजाऱ्यांपासून, मित्रांपासून, वीस धर्मोपदेशकांपासून लपवितो आणि एका अधिकाऱ्याच्या कानांत सांगतो, त्याला आपण सरळ मनुष्य म्हणावें काय? १८४६ च्या पत्रकांतील लिंकन आपल्या श्रद्धेची उणीव उघड सांगतो. बेटमनच्या कथेंतील लिंकन आपली श्रद्धा झांकून ठेवतो. पहिला मतें गमावण्यास तयार आहे, दुसऱ्याची वागणूक कोणत्याही तर्कास जुळत नाहीं. हे दोन पुरुष एकाच देहांत नांदत होते असें मानण्यापेक्षां पांच वर्षांच्या स्मृतीनें व एका चरित्रकारानें मिळून दुसरा पुरुष निर्माण केला, असें मानणें अधिक सुलभ आहे. मीमांसक ज्यास अर्थवाद म्हणतात त्या वर्गांत ही कथा घालावी. स्तुति म्हणून ती वाचावी, प्रमाण म्हणून वाचूं नये.

परंतु हर्नडनचें म्हणणेंही जसेंच्या तसें स्वीकारतां येत नाहीं. तो लिंकनला जन्मभर संशयवादी ठरवूं पाहतो, आणि १८६१ च्या फेब्रुवारींत लिंकन वॉशिंग्टनला गेल्यावर त्याच्या मनाचा पुढील व्यापार हर्नडनला जवळून दिसला नाहीं. पूर्वीं पाहिलेल्या मनुष्यावरून नंतरच्या मनुष्याविषयीं जबानी देणें, हा त्याच्या साक्षीचा दोष आहे.

४

युद्धकालांतील तीन साधनें आम्ही येथें जोडीनें मांडतों; तीं तिन्ही १८६२ च्या सप्टेंबरशीं निगडित आहेत.

पहिलें साधन शिकागोच्या शिष्टमंडळाचें. त्या शहरांतील सर्व पंथांच्या ख्रिस्ती लोकांची सभा ७ सप्टेंबरला भरली, व गुलामांच्या मुक्ततेची मागणी करणारा अर्ज घेऊन विल्यम पॅटन व जॉन डेम्पस्टर हे दोघे धर्मोपदेशक १३ तारखेस अध्यक्षास भेटले. लिंकननें दिलेलें उत्तर त्यांनींच लिहून काढून वृत्तपत्रांत प्रसिद्ध केलें. त्यांत तो म्हणतो कीं, परस्परविरुद्ध मतांचे धार्मिक लोक येऊन आपल्यालाच ईश्वरी इच्छा कळली आहे असें सारख्याच खात्रीनें सांगतात; आणि ज्या विषयांत कर्तव्य माझें आहे, त्याविषयींची इच्छा ईश्वर दुसऱ्यांस कळवितो तर ती मलाच थेट कळवील, असें मानण्यास जागा आहे. जाहीरनामा काढला तरी तो धूमकेतूविरुद्ध पोपनें काढलेल्या फर्मानासारखा निष्फळ ठरेल, असेंही तो म्हणाला. शेवटीं, हा विषय रात्रंदिवस आपल्या मनांत आहे, व जें ईश्वराच्या इच्छेस धरून दिसेल तें आपण करूं, असें सांगून त्यानें त्यांस निरोप दिला.

या साक्षीचें मोल असें कीं, ती लिहिणाऱ्यांच्या सोयीची नाहीं. हार खाऊन आलेल्या अर्जदारांनीं आपल्यास मिळालेली कोपरखळी स्वतःच छापली. अशी साक्ष सहसा खोटी नसते.

पण येथें विश्वसनीयतेविषयींची खरी शंका उद्भवते, आणि ती टाळणें योग्य होणार नाहीं. मुक्ततेच्या जाहीरनाम्याचा मसुदा लिंकननें २२ जुलैसच मंत्रिमंडळास वाचून दाखविला होता. मग ज्या गोष्टीचा निश्चय झाला होता तिच्याविरुद्ध तो या भोळ्या पाद्र्यांशीं वाद कसा घालतो? हें ढोंग नव्हे काय? आमचें उत्तर असें कीं, शास्त्रीय वादांत पूर्वपक्ष मांडणारा त्या पक्षाचा असतोच असें नाहीं; सिद्धान्ताचें बल पाहण्यासाठींच तो सर्वांत कठीण आक्षेप पुढें करतो. रणांगणावर विजय मिळाल्याशिवाय जाहीरनामा काढल्यास तो अगतिकपणाचा हुंकार वाटेल, म्हणून तो रोखून धरावा असें ठरलें होतें. लिंकननें त्यांस खोटें वचन दिलें नाहीं व निश्चय नाहीं असेंही सांगितलें नाहीं. बाजू सांगितल्या आणि गुपित राखलें. राजकारणांत गुपित आणि असत्य यांमधील अंतर बारीक असतें, पण तें असतें.

दुसरें साधन दोन रोजनिशांचें. १७ सप्टेंबरला अँटिएटमची लढाई झाली, शत्रु मेरिलंडमधून मागें हटला, आणि २२ तारखेस लिंकननें मंत्रिमंडळ बोलाविलें. त्या बैठकींत त्यानें सांगितलें कीं, शत्रु मेरिलंडबाहेर गेला तर जाहीरनामा काढीन असें आपण मनाशीं ठरविलें होतें व तें वचन आपल्या कर्त्यास दिलें होतें. खजिन्याचा मंत्री चेस यानें हें त्याच दिवशींच्या टिपणांत लिहिलें आहे. आरमाराचा मंत्री वेल्स यानेंही आपल्या रोजनिशींत नोंदलें आहे. दोघांचे शब्द निराळे, आशय एक. वेल्सनें आपल्या रोजनिशींत उत्तरकालीं दुरुस्त्या केल्या होत्या, हें तिच्या चिकित्सक आवृत्तीवरून ठाऊक झालें आहे. म्हणून ती एकटी असती तर आम्ही सावधपणें बोललों असतों. परंतु चेस हा लिंकनचा मनांतून प्रतिस्पर्धी, स्वतः अध्यक्षपदाचा इच्छुक. लिंकनला साधु ठरविण्यांत त्याचा कोणता लाभ? शिवाय कर्त्याचें नांव घेण्यापूर्वीं लिंकन किंचित् अडखळला, एवढा बारकावाही त्यानें टिपला आहे. बेटमनच्या कथेंतील अश्रूंपेक्षां चेसच्या टिपणांतील हें अडखळणें आम्हांस शतपट बोलकें वाटतें.

तिसरें साधन एक लहानसें टांचण. दोन्ही पक्ष ईश्वरेच्छेनुसार वागत असल्याचें म्हणतात. दोन्ही चुकत असतील, एक तर चुकतच असला पाहिजे. कदाचित् ईश्वराचा हेतु दोघांच्याही हेतूंहून निराळा असेल, असा विचार त्यांत आहे. तें लिंकनच्या हातचें आहे, पण त्यावर तारीख नाहीं व शीर्षकही नाहीं. त्याचा चिटणीस जॉन हे यानें तें जपून ठेविलें, शीर्षक त्यानें दिलें, आणि निकोले व हे यांच्या १८९० च्या दशखंडी चरित्रांत तें प्रसिद्ध झालें. १९५३ सालीं निघालेल्या समग्र वाङ्मयांत त्याला २ सप्टेंबर १८६२ ही तारीख प्रश्नचिन्हासह दिली आहे. अलीकडील कांहीं अभ्यासक तें १८६४ पर्यंत पुढें आणतात. या प्रश्नचिन्हाकडे दुर्लक्ष करून, जाहीरनाम्याच्या आदल्या दिवसांत लिंकनच्या मनांत काय चाललें होतें याचें चित्र पुष्कळ लेखक या टांचणावरून रंगवितात, तें सदोष आहे. मात्र एक गोष्ट निर्विवाद आहे. तें कोणासही दाखविण्यासाठीं लिहिलेलें नव्हतें, आणि तेंच मत ४ मार्च १८६५ च्या दुसऱ्या अधिकारग्रहणाच्या भाषणांत, ज्याची स्वहस्ताक्षरी प्रत वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयांत आहे, त्यानें सर्व राष्ट्रासमक्ष मांडलें. खाजगी कागद आणि जाहीर कागद एकच बोलतात, यापरतें विश्वसनीयतेचें दुसरें लक्षण आम्हांस ठाऊक नाहीं.

५

आतां १८६४ च्या निवडणुकीकडे वळूं. धार्मिक मतदार म्हणून एकसंध असा कोणताही समूह त्या वेळीं नव्हता, हें प्रथम ध्यानांत घ्यावें.

एका टोंकास गुलामगिरीचे कडवे शत्रु होते. त्यांच्या मतें लिंकन मंद, तडजोडखोर व म्हणून अविश्वसनीय. जानेवारींतच मॅसेच्युसेट्सच्या गुलामगिरीविरोधी संस्थेच्या सभेंत वेंडेल फिलिप्स व विल्यम लॉइड गॅरिसन या दोन जुन्या सहकाऱ्यांची याच मुद्यावर जाहीर चकमक झाली. सरकार खोट्या तहासाठीं उत्तरेचें हित व अब्रू विकावयास तयार आहे, असा फिलिप्सचा आरोप. अध्यक्ष मंदगतीनें कां होईना पण पुढेंच गेला आहे व मागें फिरलेला नाहीं, असा गॅरिसनचा पक्ष. ३१ मे रोजीं क्लीव्हलंड येथें या असंतुष्टांच्या मेळाव्यानें जनरल फ्रीमॉन्ट यास उमेदवार केलें. धर्मोपदेशक जॉर्ज चीव्हर याच्यासारखे उत्कट भाविक त्या बाजूस होते.

दुसऱ्या टोंकास गुलामगिरीला शास्त्राधार दाखविणारे होते. व्हर्मॉन्टचा एपिस्कोपल बिशप हॉपकिन्स यानें बायबलांत गुलामगिरीस निषेध नाहीं, असें प्रतिपादणारी पुस्तिका १८६१ सालीं लिहिली होती. ती १८६३ सालीं पेन्सिल्व्हेनियाच्या गव्हर्नरच्या निवडणुकींत लिंकनच्या विरोधकांनीं पुनः छापून वांटली, आणि तेथील बिशप पॉटर यानें आपल्या पाद्र्यांच्या सह्यांनिशीं तिचा जाहीर निषेध केला. एकाच चर्चचे दोन बिशप, एकच ग्रंथ, आणि दोन मतदानें! आपल्याकडे एकाच स्मृतिवचनावर परस्परविरुद्ध व्यवस्थापत्रें निघालेलीं ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांस याचें आश्चर्य वाटणार नाहीं.

तिसरा वर्ग राज्यघटनेंत ईश्वराचा उल्लेख नाहीं म्हणून खिन्न झालेल्यांचा. त्यांनीं १८६४ च्या फेब्रुवारींत घटनेच्या दुरुस्तीचा अर्ज लिंकनपुढें ठेवला. त्यानें सौम्य शब्दांत विचारास वेळ मागून घेतला. याच वृत्तीचा एक अवशेष नाणेसंग्राहकांच्या परिचयाचा आहे. वॉटकिन्सन नांवाच्या पाद्र्यानें १८६१ च्या नोव्हेंबरांत चेसला पत्र लिहून नाण्यांवर ईश्वराचें नांव घालण्याची सूचना केली, व १८६४ च्या दोन सेंटांच्या नाण्यावर ईश्वरावरील विश्वासाचें वचन प्रथम उमटलें. ज्याच्या संग्रहीं हें तांब्याचें नाणें असेल, त्यानें तें या वादाचाच एक दस्तऐवज समजावें.

मेथॉडिस्टांचें वजन सर्वांत मोठें. त्यांच्या महासभेच्या शिष्टमंडळास १८ मे १८६४ रोजीं लिंकननें लेखी उत्तर दिलें. इतर चर्चना कमी न लेखतां, संख्येमुळें मेथॉडिस्ट हेच सर्वांत अग्रेसर असून त्यांनीं रणांगणावर अधिक शिपाई, रुग्णालयांत अधिक शुश्रूषक आणि स्वर्गाकडे अधिक प्रार्थना पाठविल्या, असा त्याचा आशय आहे. यांत राजकारण नाहीं असें कोण म्हणेल? परंतु त्यानें स्तुति केली ती त्यांच्या कृतीची; आपण त्यांच्या पंथाचे आहों, असा सूर त्यांत नाहीं.

याहून थोर कागद क्वेकर पंथाच्या एलायझा गर्नी हिला लिहिलेला. ही विदुषी १८६२ च्या ऑक्टोबरांत त्याला भेटली होती. अटलांटा पडल्यावर दोन दिवसांनीं, ४ सप्टेंबर १८६४ रोजीं, त्यानें तिला लिहिलें कीं, ईश्वराचे हेतु पूर्ण असून सिद्धीस जाणारच, जरी आम्हां मर्त्यांस ते आधीं नीट दिसत नाहींत. आणि तुमच्या पंथापुढें कठीण पेंच पडला आहे, कारण युद्ध व जुलूम या दोहोंचा तुम्हांस सारखाच विटाळ, पण जुलमाचा प्रतिकार तर युद्धानेंच होऊं शकतो. ज्यांनीं सद्सद्विवेकाच्या कारणास्तव सवलत मागितली त्यांच्यासाठीं कायद्याच्या मर्यादेंत होईल तें आपण केलें, असेंही तो सांगतो. तुमचें खरें आणि माझेंही चुकीचें नाहीं, असली गोड बतावणी त्यांत नाहीं. अडचण आहे ती अडचण म्हणूनच सांगितली आहे.

येथें एक विसंगति नजरेस येते, ती नमूद करणें अवश्य आहे. गर्नी ही स्त्री असल्यामुळें तिला मत नव्हतें. तीनच दिवसांनीं, ७ सप्टेंबरला, बाल्टिमोरच्या कृष्णवर्णीय ख्रिस्ती लोकांनीं ५८० डॉलरांवर खर्च करून तयार केलेलें भव्य बायबल त्याला अर्पण केलें. मेरिलंडांत त्यांसही मत नव्हतें. ती प्रत आजही फिस्क विद्यापीठांत आहे, आणि पुढील महिन्यांत मेरिलंडच्या गोऱ्या मतदारांनीं गुलामगिरी नाहींशी करणारी नवी घटना अवघ्या ३७५ मतांनीं संमत केली. भाविकांच्या विश्वासाचे दोन उत्कृष्ट पुरावे अशा रीतीनें मतदानाबाहेरच्या लोकांकडून आले आहेत. जेथें देण्यासारखें मत नाहीं तेथें मतासाठीं केलेली खुशामतही संभवत नाहीं, म्हणून आम्ही ते वरच्या प्रतीचे मानतों.

त्या उन्हाळ्यांत लिंकनची स्थिति अत्यंत नाजूक झाली होती. २३ ऑगस्टला त्यानें एक चिठ्ठी लिहून, ती न दाखवितां, तिच्या पाठीवर मंत्र्यांच्या सह्या घेतल्या. आपला पराभव बहुतेक निश्चित दिसतो, तेव्हां नव्या अध्यक्षाशीं सहकार करून मधल्या काळांत संघराज्य वांचविणें आपलें कर्तव्य राहील, असा तिचा मजकूर होता. मुक्ततेचा जाहीरनामा मागें घेतल्यास तह सुलभ होईल असें सांगणारे हितचिंतक भोंवतीं असतां त्यानें तो मागें घेतला नाहीं. ८ नोव्हेंबरला निकाल लागला. शंभरांत सुमारें पंचावन्न मतें, आणि निर्वाचकांपैकीं २१२ लिंकनकडे, २१ मॅक्लेलनकडे.

यावरून मेथॉडिस्टांनीं निवडून दिलें, अमुक पंथानें पाडावयास पाहिलें, अशी गणितें मांडलीं जातात. तीं जपून वाचावीं. मतमोजणींत कोणाचाही धर्म नोंदलेला नव्हता. चर्चच्या सभांचे ठराव हे पुढाऱ्यांचे ठराव होत. बाकावर बसलेल्या श्रोत्यानें पेटींत काय टाकलें, हें त्यावरून सिद्ध होत नाहीं.

६

वधानंतर आख्यायिकांस पूर आला. त्यांपैकीं तीन नमुने पुरेत. चित्रकार कार्पेंटर याच्या १८६६ च्या ग्रंथांत, ईश्वर आपल्या बाजूस असावा असें म्हणणाऱ्या पाद्र्यास लिंकननें, आपण ईश्वराच्या बाजूस आहों कीं नाहीं हीच खरी काळजी, असें उत्तर दिल्याची गोष्ट आहे. ती परोक्ष ऐकीव आहे. परंतु अस्सल कागदांतील विचारांशीं जुळते, म्हणून संभाव्य म्हणावी. दुसरी, गेटिसबर्गचीं थडगीं पाहून लिंकननें आपणास ख्रिस्तास वाहून घेतलें, ही इलिनॉयच्या एका अनाम पाद्र्याच्या नांवावरची. सांगणारा अनाम, श्रोता अनाम आणि अस्सल कागदांशीं मेळ नाहीं. ती त्याज्य होय. तिसरी सर्वांत घातक. शिनिकी नांवाच्या एका माजी कॅथॉलिक पाद्र्याची वकिली लिंकननें १८५६ सालीं केली होती, एवढें खरें. पण त्या आधारावर त्यानें १८८६ च्या आपल्या ग्रंथांत कॅथॉलिकांविषयींचे द्वेषाचे लांबलचक उद्गार लिंकनच्या तोंडीं घातले. चिकित्सक अभ्यासकांनीं ते बनावट ठरविले आहेत, तरी एका पंथाविरुद्ध दुसऱ्यास चेतविण्यासाठीं ते पुनःपुन्हां छापले गेले. खोटा कागद म्हणजे निरुपद्रवी करमणूक, असें समजणाऱ्यांनीं हें उदाहरण लक्षांत ठेवावें.

अस्सलपणाचा आणखी एक पेंच आहे. सही खरी असून शब्द दुसऱ्याचे असूं शकतात. ३ ऑक्टोबर १८६३ चा ईशस्तवनाच्या दिवसाचा प्रसिद्ध जाहीरनामा लिंकनच्या नांवें असला, तरी त्याची मूळ प्रत परराष्ट्रमंत्री सीवर्ड याच्या हातची होती, असें चिटणीस निकोले याच्या समकालीन पत्रावरून कळतें. आपल्याकडील मुजुमदारी व चिटणिशी पत्रव्यवहार ज्यांनीं हाताळला आहे, त्यांस सही, शिक्का आणि मजकूर हे तीन निराळे पुरावे आहेत, हें सांगावयास नकोच. अशा जाहीरनाम्यांवरून लिंकनच्या अंतःकरणाचें निदान करूं नये.

७

तात्पर्य, अस्सल कागद एकत्र ठेवले म्हणजे जें दिसतें तें असें. भाविकांनीं लिंकनची परीक्षा केली ती कठोर केली, आणि त्यानें त्यांस श्रद्धेचें प्रमाणपत्र कधींही दाखविलें नाहीं. त्यानें दाखविलें तें दिलेल्या शब्दाचें पालन. ईश्वर आमच्याच बाजूस आहे, असें सांगणारा पुढारी युद्धांत मिळणें सोपें असतें. आपण विजयाच्या उंबरठ्यावर असतां, दोन्ही पक्ष एकाच देवाची प्रार्थना करीत होते आणि दोघांचीही प्रार्थना पूर्णपणें फळली नाहीं, असें स्वपक्षास सांगणारा पुढारी दुर्मिळ. त्या भाषणानंतर १५ मार्च १८६५ रोजीं थर्लो वीड यास लिहितांना त्यानें स्वतःच म्हटलें आहे कीं, ईश्वराचा हेतु व आपला हेतु यांत अंतर होतें हें दाखविलेलें लोकांस रुचत नाहीं. तरी तें सांगणें जरूर होतें. सहा लाखांहून अधिक सैनिकांच्या मृत्यूनंतर हें सांगणें सोपें नव्हतें. आख्यायिकाकारांनीं या पुरुषास भाविकांच्या मापाचा अंगरखा शिवला, आणि ज्या मतदारांनीं अंगरखा न पाहतां मनुष्य पाहिला त्यांचा विवेक मात्र झांकून टाकला.

या विषयाचा आमच्याशीं संबंध काय, असें कोणी विचारील. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेंतील ज्या सदाचारी लोकांस अर्पण केला, त्यांत वर सांगितलेले मतदार येतात. त्यांचें खरें चरित्र जाणणें हें त्या अर्पणपत्रिकेच्या वाचकांचें कामच आहे. शिवाय अमेरिकन मिशनच्या लोकांनीं १८४२ सालीं अहमदनगरास सुरू केलेल्या ‘ज्ञानोदय’ पत्राचे १८६१ ते १८६५ चे अंक, आणि त्या मिशनऱ्यांचीं स्वदेशीं गेलेलीं व तेथून आलेलीं पत्रें, या दृष्टीनें तपासण्यासारखीं आहेत. ज्यांच्या संग्रहीं असे सुटे अंक वा पत्रें असतील त्यांनीं त्यांतील तारीख, हस्ताक्षर व पाठ जसेंच्या तसें नोंदून प्रसिद्ध करावें, आणि रिकाम्या जागा आपल्या श्रद्धेनें भरूं नयेत, इतकीच आमची विनंति आहे.